सुई, सोमल आणि पुरावा

अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हे नाव सर्वसामान्य वाचकाने ऐकलेले नसेल, आणि ते ऐकण्याची वेळ कुणावर येऊही नये. रक्ताच्या कर्करोगाचा हा एक प्रकार. एके काळी तो सगळ्यांत घातक समजला जाई. रक्त गोठवणारी यंत्रणाच कोलमडायची. हिरड्यांतून, नाकातून आणि शेवटी मेंदूत रक्तस्राव व्हायचा. निदानाचा कागद हाती पडून काही आठवडे होत नाहीत तोच माणूस जायचा. आज वेळेत रुग्णालयात पोहोचलेले या आजाराचे बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि ज्यांचा धोका फार वाढलेला नसतो त्यांना नेहमीची केमोथेरपीही लागत नाही. दोन औषधे पुरतात. एक अ जीवनसत्त्वापासून बनवलेले ट्रेटिनॉइन आणि दुसरे चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड.

हे दुसरे औषध आले कुठून, हे सांगितल्याशिवाय या पुस्तकाची ओळख पुरी व्हायची नाही. चीनच्या ईशान्येला हार्बिन नावाचे कडाक्याच्या थंडीचे शहर आहे. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक खेडवळ औषध पोहोचले. त्यात तीन घटक होते: सोमल, पाऱ्याचे संयुग आणि बेडकाचे विष. हान ताइयुन या औषधनिर्मात्याने त्याचे इंजेक्शन तयार केले. चांग तिंगदोंग हे डॉक्टर आधुनिक वैद्यक शिकलेले होते आणि चिनी वैद्यकाचाही त्यांनी रीतसर अभ्यास केला होता. औषधाने काही रुग्णांना उतार पडतो आहे, हे त्यांना दिसले. दुसरा कुणी असता तर तिथेच जयजयकार करून थांबला असता. चांग थांबले नाहीत. बेडकाच्या विषाने रक्तदाब चढत होता, पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडत होती. म्हणून त्यांनी एकेक घटक वगळून पाहिला. शेवटी उरले सोमल, आणि गुण सोमलाचाच होता. हा गुण ल्युकेमियाच्या याच एका प्रकारात विशेष येतो, हेही पुढे स्पष्ट होत गेले.

तिकडे शांघायमध्ये वांग चन-यी यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीला ट्रेटिनॉइन दिले होते आणि ती बरी झाली होती. पुढे हार्बिन आणि शांघायच्या संशोधकांनी मिळून सोमलाचे पेशीच्या आतले काम शोधले. या कर्करोगात दोन जनुके चुकीच्या जागी जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होते. सोमल नेमके तेच प्रथिन मोडून टाकते. २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या इंजेक्शनला मान्यता दिली. २०१३ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात एका गटाला ट्रेटिनॉइन आणि केमोथेरपी दिली होती, दुसऱ्याला ट्रेटिनॉइन आणि सोमल. दोन वर्षांनंतर आजार न उलटता सुखरूप असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ९७ टक्के.

आपल्या रसशास्त्रातही सोमल आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही गोष्ट ऐकून लगेच आपलेपणा वाटेल. तो वाटू द्यावा, पण हार्बिनच्या गोष्टीचा मधला भाग निसटू देऊ नये. खेड्यातले औषध जसेच्या तसे रुग्णाला दिले गेले असते, तर पाऱ्याने आणि विषाने कित्येकांचे प्राण गेले असते. ते थोतांड म्हणून फेकले गेले असते, तर ते हजारो रुग्णांपर्यंत पोहोचलेच नसते. दोन वैद्यके एकत्र आणायची म्हणजे काय करायचे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. जुन्या वैद्यकाने खूण दाखवली, नव्या वैद्यकाने पारख केली, आणि पारख करणाऱ्याला दोन्हींची भाषा येत होती.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि दीर्घकाळच्या दुखण्यांच्या रुग्णांवर उपचार करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण दोन ठिकाणी उपचार घेत असतात आणि एकीकडचे दुसरीकडे सांगत नाहीत. इकडे गोळ्या, तिकडे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया. सकाळी रक्तदाबाचे औषध, संध्याकाळी कसला तरी काढा. म्हणजे एकत्रित उपचार आपल्या घराघरांत चालूच आहेत, फक्त त्यांवर कुणाचे लक्ष नाही. हे पुस्तक त्या माणसांसाठी आहे.

चिनी वैद्यकाचा इतिहास आपण समजतो तसा अखंड गौरवाचा नाही. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सुयांचा विभागच काढून टाकला. १९२९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे पारंपरिक वैद्यक संपवण्याचा प्रस्ताव आला. त्याविरुद्ध मार्च महिन्यात शांघायमध्ये देशभरातले वैद्य आणि औषधविक्रेते जमले आणि तो प्रस्ताव बारगळला. नवा चीन उभा राहिला तेव्हा कोट्यवधी लोकसंख्येला पुरतील इतके आधुनिक डॉक्टर देशात नव्हते आणि वैद्य मात्र गावोगाव होते. चिनी आणि पाश्चात्त्य वैद्यकाची एकजूट हे धोरण १९५० च्या आरोग्य परिषदेत ठरले, त्याच्या मुळाशी ही निकड होती, आणि राष्ट्राभिमानही होता. पुराव्याचा विचार बराच नंतर आला. १९५५ मध्ये पेइचिंगला पारंपरिक वैद्यकाची अकादमी निघाली, पुढच्या वर्षी चार महाविद्यालये निघाली, आणि आधुनिक डॉक्टरांना कामातून मोकळे करून दोन-अडीच वर्षे जुने वैद्यक शिकायला बसवले गेले. या सक्तीत राजकारण पुष्कळ होते. तरीही दोन्ही बाजू जाणणारी पिढी त्यातूनच तयार झाली, हे मान्य करावे लागते.

या इतिहासात आपलाही एक धागा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, कोलकात्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वयाची बत्तीस वर्षे नुकती पुरी झाली होती. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे ते घरोघरी पोहोचले. त्यांच्या नावाने आज अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रे चालतात, म्हणून ही विद्या त्यांनीच भारतात आणली असा अनेकांचा समज आहे. कोटणीस शल्यचिकित्सक होते. आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे मोठेपण तिथे आहे. सुया भारतात आणल्या त्या त्यांचे सहकारी बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात तिचा उपचार व प्रसार करत राहिले. पश्चिम बंगालने अ‍ॅक्युपंक्चरसाठी १९९६ मध्येच कायदा केला, त्यामागे कोलकात्यातल्या या कामाची पुण्याई आहे.

थू यौयौ यांची कथा आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. दोन्ही वैद्यके शिकलेल्या पिढीतल्याच त्या. २३ मे १९६७ रोजी सुरू झाल्यामुळे ‘५२३’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गुप्त प्रकल्पात त्यांच्याकडे मलेरियावरचे औषध शोधण्याचे काम आले. छिंगहाव या वनस्पतीचा अर्क उंदरांवर कधी लागू पडायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या ग्रंथात या वनस्पतीची कृती आहे: मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. चिनी औषधे बहुधा उकळून घेतात. इथे मात्र उकळायचे नावच नव्हते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असा अंदाज थू यांनी बांधला आणि पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. १९७१ च्या ऑक्टोबरात १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या मलेरियावर शंभर टक्के लागू पडला. रुग्णांना देण्यापूर्वी तो अर्क थू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः घेतला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

नोबेलपेक्षा मला त्यापुढचा टप्पा महत्त्वाचा वाटतो. या वनस्पतीपासून बनलेले आर्टेसुनेट आणि जुने क्विनिन यांची तुलना आशियातल्या चार देशांत झाली, त्यात भारतही होता. गंभीर मलेरियाच्या १४६१ रुग्णांपैकी क्विनिन मिळालेल्यांत २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट मिळालेल्यांत १५ टक्के. हे निष्कर्ष २००५ मध्ये आले आणि जगाचे उपचार बदलले. गडचिरोलीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात तापाने फणफणलेल्या आदिवासी मुलाला फाल्सिपेरम मलेरियाच्या गोळ्या मिळतात, तेव्हा त्यांतला मुख्य घटक याच चिनी पाल्याचा वंशज असतो. तो चिनी आहे की पाश्चात्त्य, हे तिथे कुणी विचारत नाही.

औषधाचे असे करता येते. घटक वेगळा काढता येतो, तोलता येतो, एकाला देऊन दुसऱ्याला न देता फरक मोजता येतो. सुईचे काय करायचे? इथे मामला अवघड होतो, आणि या पुस्तकातली सर्वाधिक पाने याच प्रश्नावर खर्ची पडली आहेत.

आधी सुई टोचताना घडते काय ते पाहू. गुडघ्याच्या दुखण्याचा रुग्ण पाय किंचित दुमडून उताणा झोपलेला असतो. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला एक जागा बोटाने चाचपून घेतात. तिला झू-सान-ली म्हणतात. अंतर मोजायचे माप म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी. आयुर्वेदात मर्माची जागा ज्याच्या-त्याच्या अंगुळाने मोजतात, तशीच ही रीत. सुई पाव मिलिमीटर जाडीची, पोकळ नसलेली, कागदी वेष्टनातून नुकतीच फोडलेली. नळीतून टिचकी मारून ती कातडीखाली जाते, तेव्हा बहुतेकांना टोचल्याचे कळतही नाही. मग ती हळूहळू आत सरकवत बोटांत फिरवली जाते. एका क्षणी रुग्ण म्हणतो, ‘आता जड वाटतंय’ किंवा ‘मुंग्या येताहेत, घोट्यापर्यंत गेल्या.’ उपचार करणाऱ्याच्या बोटांनाही सुई आतून धरल्यासारखी लागते. चिनी परंपरेत या जाणिवेला दे-ची म्हणतात आणि ती आल्याशिवाय सुई लागली असे मानत नाहीत. त्यानंतर वीस ते तीस मिनिटे रुग्ण पडून राहतो. कधी सुयांना क्लिप लावून सौम्य वीजप्रवाह सोडतात.

जगाचे लक्ष याकडे वळले ते १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन पेइचिंगला असताना त्यांच्या अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले. ऑपरेशन सुया टोचून, भूल न देता झाले, ही दंतकथा आजही आपल्या मासिकांत छापून येते. रेस्टन यांनी स्वतः लिहिले आहे ते वेगळे. ऑपरेशन नेहमीचे इंजेक्शन देऊन, आधुनिक पद्धतीनेच झाले. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा उजव्या कोपराशी आणि गुडघ्यांखाली तीन सुया टोचल्या गेल्या, पोटाजवळ औषधी पाल्याच्या कांड्या पेटवून शेक दिला गेला आणि तासाभरात आराम पडला. दंतकथेपेक्षा ही खरी हकीकत कितीतरी उपयोगाची आहे. शस्त्रक्रिया शल्यचिकित्सकाने केली, भूल औषधाने दिली आणि नंतरच्या त्रासासाठी सुई आली. सुईची जागा कुठे, हे त्या एका खाटेवर स्पष्ट झाले होते.

सुईने दुखणे कमी होते ते कसे, याचा पाठपुरावा पेइचिंगच्या हान जीशंग यांनी १९६५ पासून आयुष्यभर केला. सुई दिलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचा द्राव दुसऱ्या सशाला दिला, तर सुई न टोचताही त्या दुसऱ्याची वेदना सहन करण्याची ताकद वाढते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे शरीरात काहीतरी रसायन पाझरते. मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांचा शोध त्याच सुमारास लागत होता. हान यांनी पुढे असेही दाखवले की विजेचे ठोके सेकंदाला दोन दिले तर एका प्रकारची द्रव्ये स्रवतात आणि शंभर दिले तर दुसऱ्या प्रकारची. २०२१ मध्ये हार्वर्डच्या मा छ्योफू यांच्या गटाने उंदराच्या मागच्या पायातल्या झू-सान-लीच्या जागी सौम्य वीज दिली आणि विशिष्ट चेतातंतूंमार्फत शरीरातला दाह आटोक्यात आल्याचे दाखवले. पोटावरच्या बिंदूवर तीच वीज देऊन तो परिणाम आला नाही, कारण तिथे तसे चेतातंतू नाहीत.

एवढे वाचून सुईचे भक्त खूश होतील. त्यांनी आता जर्मनीची चाचणी वाचावी. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के. या आकड्यांपुढे दोन्ही पक्षांना बसून विचार करावा लागतो. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया ठळकपणे सरस ठरल्या. पण ग्रंथोक्त बिंदू आणि भलती जागा यांत फरक जवळजवळ नव्हताच. पुढे वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ३९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुईत फरक निघाला; खरा, पण लहान.

यावरून सरकारांनीही वेगवेगळे निष्कर्ष काढले आहेत. जर्मनीने २००६ मध्ये कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी सुया सार्वजनिक आरोग्य विम्यात घेण्याचे ठरवले. अमेरिकेच्या मेडिकेअरने २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत १२ बैठका मान्य केल्या. फरक पडला तर आणखी ८. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी सुया देऊ नका असे सांगितले, आणि त्याच संस्थेने २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी त्यांचा विचार करा असे सांगितले.

माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगते. मेरिडियन, म्हणजे शरीरभर वाहणाऱ्या ऊर्जेच्या वाहिन्या, शरीरशास्त्राला आजवर सापडलेल्या नाहीत आणि त्यांच्या नावाने कुणी यकृत किंवा मूत्रपिंड बरे करण्याचा दावा केला तर मी तो मानत नाही. पण सत्तरीतल्या ज्या आजीबाईंचे मूत्रपिंड अशक्त आहे, पोटात अल्सर होऊन गेला आहे, म्हणून वेदनाशामक गोळी देता येत नाही, त्यांच्या गुडघ्यासाठी आठ-दहा बैठका सुयांच्या देऊन पाहाव्यात असे मी निःशंकपणे सांगते. सोबत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हवेतच. सुईने दुखणे उतरलेल्या त्या काही आठवड्यांत आजीबाई जिना चढू लागल्या, व्यायाम करू लागल्या, तर मिळालेला फायदा टिकतो. नुसत्या सुया टोचून घेऊन पलंगावर पडून राहिल्या, तर बहुधा टिकत नाही. एकत्रित उपचारांतली खरी जोड ही आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

कर्करोगाच्या रुग्णालयांत ही जोड सगळ्यांत पुढे गेली आहे. तिथे सुई गाठीवर उपचार करत नाही. गाठीवरच्या उपचारांचा त्रास सोसणाऱ्या माणसावर करते. मनगटाच्या रेषेपासून तीन बोटे वर, दोन ठळक कंडरांच्या मधोमध ने-ग्वान नावाचा बिंदू आहे. तिथे सुई टोचली किंवा नुसता दाब दिला तरी ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलट्या कमी होतात, याचा पुरावा ५९ चाचण्यांचा आहे आणि तो मळमळीवरच्या औषधांच्या तोडीस तोड आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर अरोमाटेज इनहिबिटर गटाच्या गोळ्या पाच-पाच वर्षे घ्याव्या लागतात. त्यांनी सांधे इतके धरतात की अनेकजणी गोळ्या मध्येच सोडून देतात, आणि कर्करोग उलटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत अशा २२६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत दहापैकी मोजलेली वेदना खऱ्या सुयांनी सहा आठवड्यांत सुमारे दोन गुणांनी उतरली, खोट्या सुयांनी आणि नुसते थांबून सुमारे एकाने. एका गुणाचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण पोळी लाटताना बोटे वळत नाहीत म्हणून रडवेल्या झालेल्या बाईला तेवढ्या फरकावर गोळी चालू ठेवता आली, तर सुईने आपले काम केले.

आता दुसरी बाजू. ही मी मुद्दाम विस्ताराने सांगते, कारण आपल्याकडे ती दडपली जाते. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या एका वजन उतरवणाऱ्या क्लिनिकमध्ये भूक मारणाऱ्या आधुनिक गोळ्या आणि चिनी वनस्पतींची पूड एकाच कॅप्सूलमधून दिली जात होती. एकत्रित उपचारच की तो! काही काळाने तरुण, धडधाकट स्त्रियांची मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होऊ लागली. शोध घेता असे निघाले की फांग-ची या मुळाऐवजी तशाच नावाचे दुसरे मूळ मालात आले होते. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, त्यांतल्या अनेकजणी डायलिसिस आणि मूत्रपिंडरोपणापर्यंत पोहोचल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या वनस्पतीच्या कुळातली ईश्वरी आपल्याकडे जुन्या औषधांत येते. निसर्गातले म्हणजे निर्धोक, हा समज बाळगणाऱ्या प्रत्येकाने ब्रसेल्सची हकीकत वाचायला हवी.

औषधांची एकमेकांशी होणारी गाठभेटही अशीच. हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन झालेला रुग्ण रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असतो. त्याने दानशन हे चिनी मूळ घेतले तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन आत रक्तस्राव होऊ शकतो. चिनी काढ्यांत पदोपदी येणारे ज्येष्ठमध आपल्या घरचेच. खोकल्यासाठी चघळलेल्या काडीने काही होत नाही, पण रोजच्या काढ्यातून महिनोन्‌महिने पोटात गेले तर रक्तातले पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत वेळ येते. सुईच्याही चुका आहेत. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला भोक पडल्याचे दाखले वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एकच सुई अनेकांना वापरल्याने काविळीच्या साथी झालेल्या आहेत. आणि सगळ्यांत मोठा धोका सुईच्या टोकावर नसतोच. पाठदुखी म्हणून तीन महिने सुया घेत बसायचे, आणि दुखणे मणक्यातल्या क्षयाचे किंवा पसरलेल्या कर्करोगाचे निघायचे! निदान आधी, सुई नंतर, हा क्रम मोडायचा नाही.

महाराष्ट्रात या विषयाला आता कायद्याची चौकट आहे. अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे, त्याखाली महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे आणि उपचारकांची नोंदणी होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली. नोंदणीची पाटी ही किमान अट आहे. ती पाहिल्याशिवाय पलंगावर झोपू नये. तरी माझा आग्रह यापुढचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वेदनाशमन विभागांनी सुयांचा उपचार स्वतः द्यावा, त्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि निष्कर्ष, ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, प्रसिद्ध करावेत. आपल्या आयुर्वेदाच्या बाबतीतही हेच करावे लागणार आहे. चांग आणि थू यांनी आपापल्या परंपरेचा मान राखला तो तिची कसून परीक्षा घेऊन, आणि आपल्या परंपरेवर आपले तेवढे प्रेम आहे की नाही, हे आपण परीक्षेला तयार होतो की नाही यावर ठरेल.

पुढच्या प्रकरणांत दुखण्यांनुसार मांडणी केली आहे. डोकेदुखी, मान, कंबर, गुडघा यांवर अधिक पाने आहेत, कारण पुरावा तिथे अधिक आहे. वंध्यत्व, दमा, लकवा यांवर थोडीच आहेत, कारण तिथे आश्वासने फार आणि आधार तोकडा आहे. मधुमेह किंवा थायरॉइड सुयांनी बरा करण्याचे प्रकरण या पुस्तकात नाही, आणि कुणी तसे सांगून गोळ्या बंद करायला लावल्या तर त्या दारातून माघारी फिरावे.

वाचकांना एक विनंती. आज रात्री एक कोरा कागद घ्या. तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण, मलम आणि चालू असलेला प्रत्येक उपचार त्यावर लिहा. दुकानातून स्वतःच आणलेलेही लिहा. त्याच्या दोन प्रती काढा. एक तुमच्या डॉक्टरांना द्या आणि एक सुया टोचणाऱ्यांना. दोघांपैकी जो तो कागद वाचायला तयार होणार नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.